लहान शहर : आधार आणि आडोसा



डोंबिवलीहून एका दांपत्याचे सविस्तर पत्र आले आहे. पती ६८ वर्षांचे, पत्नी ६४ वर्षांच्या. पती मूळचे कोल्हापूरचे. १९७९ साली नोकरीसाठी गाव सोडले, ते पुढे लग्नकार्यापुरते आणि गणपतीपुरतेच परतत राहिले. मुलगा परदेशी स्थिरावला आहे. तिसऱ्या मजल्यावरील घराला लिफ्ट नाही, आणि लोकलच्या गर्दीत शिरण्याची आता हिंमत होत नाही. ‘ही जागा विकून कोल्हापुरात दोन खोल्यांचे घर घ्यावे आणि उरलेल्या पैशांत निवांत राहावे, असे मनात आहे. लहान शहरात म्हातारपण सुखाचे जाते, हे खरे काय?’ असे त्यांनी विचारले आहे.

पत्र वाचून तोंडी आलेले पहिले उत्तर ‘अवश्य या’ असेच होते. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर बसलेल्या वृद्धांच्या रांगा पाहिल्या की हे तळे त्यांच्यासाठीच बांधले असावे, असे वाटते. तरीही पत्र चार दिवस बाजूला ठेवले. कारण हाच जमाखर्च मीही एकदा मांडला होता, आणि तो सपशेल चुकला होता.

प्रथम ‘लहान’ म्हणजे किती लहान, ते पाहू. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे साडेपाच लाख माणसे राहत होती. शहराचे क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर. महानगरपालिका १९७२ साली झाली आणि हद्दवाढीचा वाद तेव्हापासून दशकानुदशके रंगत आला आहे. तो राजकारणाचा विषय राजकारण्यांकडे ठेवू. वृद्ध माणसाच्या दृष्टीने या आटोपशीरपणाचा अर्थ इतकाच, की शिवाजी पेठेतून निघालेली रिक्षा एरवी दहा-पंधरा मिनिटांत सीपीआर रुग्णालयाच्या दारात पोहोचते.

हा लाभ लहान मानू नका. पक्षाघाताचा झटका आला, तर मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या साडेचार तासांतही प्रत्येक मिनिट मोलाचे असते. तोंड एका बाजूला ओढले जाणे, एक हात उचलता न येणे, जीभ जड होऊन बोलणे अस्पष्ट होणे, यांपैकी काहीही अचानक दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये, ‘झोपून उठल्यावर बरे वाटेल’ असेही म्हणू नये. मोठ्या शहरात यातला तासभर रस्त्यावरच संपतो. मात्र एक पथ्य लहान शहरातही पाळावे लागते. जवळचे रुग्णालय या उपचारासाठी सज्ज असेलच असे धरून चालू नये. रात्री दोन वाजता तेथे सीटी स्कॅन होतो का, हे इंजेक्शन दिले जाते का, हृदयविकाराच्या रुग्णाची अँजिओप्लास्टी मध्यरात्री होऊ शकते का, ही चौकशी सर्व जण धडधाकट असताना करून ठेवावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गावात आहे, पण ती आपल्या बोळात वळते का, हेही एकदा पाहून ठेवावे. पेठांतील कित्येक बोळ रिक्षालाच जेमतेम पुरतात.

आता माझ्या चुकलेल्या जमाखर्चाकडे येते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, शिवाजी पेठेत राहत. एका शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. साऱ्या गल्लीचे ते ‘सर’. २०१४ साली आई गेली आणि अण्णा एकटे राहू लागले. मी पुण्यात, बँकेच्या नोकरीत. रोज रात्री साडेआठला फोन ठरलेला. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली. फिरून आलात का? रंकाळ्यावर जाऊन आलो. उत्तरे ठरलेली, आवाज खणखणीत. फोन ठेवताना मी निश्चिंत होत असे. दर महिन्याला एक शनिवार-रविवार जात असे, तेव्हा घर नीटनेटके असे, दुधाचे बिल भरलेले असे, देवापुढे ताजी फुले असत. आणखी काय हवे होते?

२०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजतात. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुण्याहून कोल्हापूर गाठण्याचा रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. आमच्या गल्लीत पूर शिरला नाही, पण शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे नळ कोरडे पडले. चहूकडे पाणी आणि घागरीत थेंब नाही, अशी अवस्था. त्या दिवसांत अण्णांचा फोन दोनदाच लागला. दोन्ही वेळा ते ‘सगळे ठीक आहे’ म्हणाले. शेजारच्या तालमीची मुले टँकरचे पाणी त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत आणून देत होती आणि समोरच्या घरातून डबा येत होता, हे मला मागाहून समजले. पुण्यात मी मात्र नकाशावर निळे झालेले रस्ते पाहत बसले होते. रस्ता खुला होताच गेले आणि महिनाअखेरीस त्यांना पुण्यास घेऊन आले. माझ्या हिशेबात पुण्याची बाजू भक्कम होती. लिफ्ट होती, कमोड होता, दहा मिनिटांवर मोठे रुग्णालय होते, आणि मी होते.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी अण्णा दूध आणायला म्हणून खाली उतरले आणि परतले नाहीत. पाच तासांनी ते सापडले, मुठेच्या पलीकडे, एका बसथांब्यावर. एका वाहकाने त्यांना सावलीत बसवून पाणी दिले होते. घर कोठे, असे विचारल्यावर ते पत्ता सांगत होते. घराचा क्रमांक, गल्ली, तालमीचे नाव, सगळे अचूक. फक्त तो पत्ता शिवाजी पेठेचा होता.

मी सारा दोष पुण्याला दिला. सारख्या दिसणाऱ्या इमारती, अनोळखी चेहरे, वाहनांचा गदारोळ. असे केल्यावर कोणाचेही भान हरपेल, असे मी तज्ज्ञांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. अण्णांना घड्याळ काढायला लावले, तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी पुन्हा विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. गणिताच्या मास्तरांना. पुढचे मला पाहवले नाही. रक्ताच्या चाचण्या आणि मेंदूचा स्कॅन झाल्यावर ते म्हणाले, “हा स्मृतिभ्रंश पंधरा दिवसांतला नाही. दोन-तीन वर्षे तरी झाली असावीत.” मी हट्टाने म्हटले, “अहो, हा माणूस एकटा राहत होता. बाजारहाट, बिले, सगळे स्वतः करत होता.” त्यांनी विचारले, “ते एकटे राहत होते, असे तुम्ही कशावरून म्हणता?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी कोल्हापूरला गेले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने आधी विषय टाळला, मग खाली मान घालून म्हणाला, “ताई, सर पाकीटच फुडं करायचं. लागतील तेवढं घ्यायचो आणि उरलेलं मीच परत घालायचो. ज्यांनी आम्हास्नी हिशेब शिकवला, त्यांचाच हिशेब चुकतोय म्हणून तुम्हास्नी कसं सांगायचं?” साखर घरी आहे हे विसरून अण्णा पुन्हा साखर मागत, तेव्हा तो ‘आज माल आला न्हाई’ म्हणून त्यांना परत पाठवी. रिक्षा थांब्यावरचे एक चालक अण्णांचेच जुने विद्यार्थी. “सर रिक्षात बसायचं आणि कुठं जायचं तेच इसरायचं. मग मी रंकाळ्याला एक चक्कर मारून घरी सोडायचो. सरांच्याकडनं पैसं कुठलं घेताय?” रंकाळ्यावर जाऊन आलो, हे अण्णा मला रोज खरेच सांगत होते. पेन्शनच्या दिवशी बँकेत कोणीतरी त्यांचा फॉर्म भरून देत असे. गोळ्या समोरच्या काकू सकाळच्या चहाबरोबर हातावर ठेवत. देवापुढची फुलेही त्यांचीच.

कोणीही मला कळवले नाही. दुष्टपणाने नाही, आदराने. मी महिन्याला दोन दिवस येऊन जे नीटनेटके घर पाहत होते, ते अख्ख्या गल्लीने मिळून उभे केलेले होते.

लहान शहराचा मोठा गुण आणि मोठा धोका मला तेव्हा एकाच ठिकाणी दिसला. जी ओळख वृद्धाला सांभाळते, तीच ओळख त्याचे आजारपण झाकते. ओळखीचा रस्ता, ओळखीचे दुकान, वर्षानुवर्षांची दिनचर्या यांच्या आधाराने स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बराच काळ निभावून नेऊ शकतो, कारण जुन्या सवयी नव्या आठवणींपेक्षा उशिरा पुसल्या जातात. जागा बदलली की हा आधार सुटतो, आणि आजार एका रात्रीत उद्भवल्यासारखा वाटतो. कितीतरी कुटुंबे ‘शहरात आणले आणि बाबा बिघडले’ असे म्हणतात. बाबा आधीपासून आजारी असतात. गाव त्यांना हात देत असते. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यात ग्रामीण भागातील प्रमाण शहरांहून अधिक आढळले. त्यांतील किती जण असेच कोणाच्या तरी आडोशाला असतील, याचा विचार मनात येतो.

म्हणून, आईवडील लहान शहरात आणि आपण दूर, अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. फोनवरील ‘ठीक आहे’ या उत्तरावर विसंबू नका. ‘जेवलात का’ असे न विचारता ‘काय जेवलात, भाजी कोणती होती’ असे विचारा. कालच्या वर्तमानपत्रातील एखादी बातमी काढा. घरी गेलात की देवघर पाहू नका, औषधांच्या पाकिटातील उरलेल्या गोळ्या मोजा, फडताळात एकाच वस्तूच्या चार-चार पुड्या साठल्या आहेत का ते पाहा, पासबुक उघडा. आणि मुख्य म्हणजे दुकानदार, रिक्षावाले, दूधवाले, शेजारीण यांच्याशी स्वतंत्रपणे बोला. त्यांना स्पष्ट परवानगी द्या की काही वेगळे वाटले तर मला कळवा, मला वाईट वाटणार नाही. ही परवानगी दिल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत. आमच्याकडे सरांचे नाव खाली पडू नये म्हणून सारी गल्ली गप्प बसली होती.

काही फरक जाणवला तर तपासणीला उशीर करू नये, कारण विसराळूपणाची काही कारणे उपचारांनी सुधारतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, विशेषतः शाकाहारी घरांत, थायरॉईडचा विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या वा इतर औषधांचा परिणाम, डोक्याला मार लागल्यानंतर मेंदूवर हळूहळू साचलेले रक्त. आणखी एक भेद लक्षात ठेवावा. दोन-चार तासांत किंवा दोन-चार दिवसांत अचानक बरळणे, वेळकाळाचे भान जाणे, हे बहुधा लघवीचा संसर्ग, ताप, शरीरातील पाणी वा क्षार कमी होणे अशा तातडीच्या कारणाने होते. तेथे ‘वय झाले’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

अण्णांना मी दिवाळीपूर्वी कोल्हापूरला परत नेले आणि पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन स्वतःही तेथेच राहिले. हा निर्णय सर्वांनी घ्यावा असे मी म्हणणार नाही. माझी नोकरीची थोडीच वर्षे उरली होती आणि घर बांधलेले होते. परतल्यावर सर्वांत कठीण गेले ते गल्लीला आजाराचे नाव सांगणे. मोठ्या शहरात वरच्या मजल्यावर कोणाला काय झाले, याचा पत्ता नसतो. येथे सकाळी दवाखान्यात गेलेल्या माणसाची चौकशी दुपारी भाजी मंडईत होते. या चौकशीत माया असते, पण मनाच्या आजाराच्या बाबतीत हीच चौकशी पायात बेडी होते. माझ्या परिचयाच्या एक बाई पतीच्या निधनानंतर दीड वर्ष झोपेविना तळमळत होत्या. मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रतीक्षागृहात कोणी ओळखीचे भेटेल, या भीतीने त्या शेवटी परगावी जाऊन तपासून आल्या. असा संकोच ज्यांना आहे, त्यांनी निदान १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर बोलावे. सेवा शासकीय आणि विनामूल्य आहे, आणि पलीकडचा माणूस आपल्या पेठेतला असण्याची शक्यता कमी आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

मी मात्र गल्लीतील अकरा जणांना एकेक करून गाठले. आजार काय आहे ते सांगितले, माझा क्रमांक दिला, त्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले. दुकानदाराला विनंती केली की पाकिटातून पैसे घ्या, पण वहीत लिहून ठेवा. रिक्षावाल्या मामांना म्हटले की रंकाळ्याची चक्कर चालू ठेवा, फक्त मला एक फोन करा. पूर्वी जे प्रेमाने झाकले जात होते, तेच आता प्रेमाने कळवले जाऊ लागले. अण्णा त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ जगले. शेवटच्या वर्षी त्यांना माझे नाव आठवत नसे. संध्याकाळी रिक्षाचा आवाज आला की ते चपला शोधू लागत.

घराविषयीही लिहिले पाहिजे. जुन्या पेठांतील घरे गारवा देतात, मन रमवतात आणि माणसाला पाडतात. उंच उंबरे, अंधारा जिना, गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी, मागील दारी संडास. पावसाळ्यात ती फरशी ओली राहते आणि कोल्हापूरचा पावसाळा काही आठ दिवसांत आटोपत नाही. आम्ही उंबऱ्याला पिवळा रंग दिला, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवला, न्हाणीघरात हाताला धरायला दांडी लावली, रात्रभर मंद दिवा ठेवला, संडास आत आणला. खर्च झाला, पण मांडीचे हाड मोडल्यावर होणाऱ्या खर्चापुढे तो काहीच नव्हता. स्वस्ताई पाहून लहान शहरात घर घेणाऱ्यांनी ही रक्कम आधीच बाजूला काढावी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. लहान शहरात हवा शुद्ध असते, हा समज तपासून घ्यावा. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची आहे, त्यांच्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर कोल्हापूरचेही नाव आहे. दम्याच्या रुग्णाने घर घेताना हमरस्ता टाळावा. शांततेचेही तसेच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे, आणि आमची गणेश विसर्जनाची मिरवणूक चोवीस तास ओलांडून जाते. मिरवणुकीच्या मार्गावर घर असलेले कित्येक वृद्ध त्या दोन दिवसांत नातेवाइकांकडे जातात. हे लिहिल्याबद्दल तालमीची मुले माझ्यावर रुसतील, पण महापुरात पाणी आणून देणारी तीच मुले आहेत, म्हणून त्यांना हक्काने सांगता येते.

आणि आतिथ्य! मधुमेही माणसाने या गावात सकाळी चार घरी जायचे म्हणजे चार कप साखरेचा चहा. नाही म्हटले तर ‘अर्धा तरी घ्या’. पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी नाकारणे तर माणुसकीला धरून नाही, असेच मानले जाते. रक्तदाबाच्या रुग्णाला मिठापेक्षा हा आग्रह अधिक बाधतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. गंगावेशीतील कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची परंपरा मोठी आहे. तरुणपणी ते पचवलेल्यांनी सत्तरीनंतर उकळलेलेच घ्यावे. कच्च्या दुधातून होणारे संसर्ग वृद्धांना जड जातात.

लहान शहराची खरी पट्टी भरावी लागते ती प्रवासात. दुर्मीळ आजार, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत, एखादी मोठी शस्त्रक्रिया यांसाठी अजूनही पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. पुणे सुमारे २३० किलोमीटर. मुंबईसाठी रात्रभराचा प्रवास. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यासाठी वंदे भारत गाडी आठवड्यातून तीन दिवस सुरू झाल्याने थोडी सोय झाली. केवळ आरोग्याचेच असे नाही. घरजागेच्या दाव्यासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयाचे हेलपाटे घालून थकलेले वृद्ध पक्षकार मी पाहिले आहेत. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून बसू लागले, त्याआधी वकिलांना आणि नागरिकांना दशकानुदशके मागणी करावी लागली. एसटीने पंच्याहत्तरीनंतर प्रवास विनामूल्य आहे आणि ६५ ते ७५ वयात निम्म्या भाड्यात. पण सवलतीने पाय सुजायचे थांबत नाहीत. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उठून चालावे आणि लघवीला जावे लागेल या धास्तीने पाणी पिणे बंद करू नये. सत्तरी पूर्ण केलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ते कार्ड आधी काढून ठेवावे, आणि आपल्या गावातील कोणती रुग्णालये योजनेत आहेत, याची यादी जवळ असावी.

आता डोंबिवलीच्या दांपत्याकडे वळते.

अण्णांना गल्लीने सांभाळले, कारण त्यांनी त्या गल्लीत पन्नास वर्षे काढली होती. दुकानदाराला पाढे शिकवले होते, रिक्षावाल्याच्या वडिलांच्या अंत्ययात्रेला खांदा दिला होता. आपण १९७९ साली गाव सोडलेत. आपल्याजवळ कोल्हापूरच्या आठवणी आहेत. कोल्हापूरजवळ आपल्या आठवणी किती उरल्या आहेत, हे तपासावे लागेल. बालमित्र आहेत, पण तेही ६८ वर्षांचेच आहेत. त्यांची मुले पुणे, बेंगळुरू येथे नोकरीस गेली आहेत. ज्या शेजारावर आपण विसंबणार, तो शेजारही आपल्याबरोबर म्हातारा होतो आहे. उपनगरातल्या नव्या इमारतीत घर घेतलेत, तर तेथे डोंबिवलीइतकेच अनोळखी शेजारी भेटतील, आणि लोकल मात्र नसेल. दुसरीकडे, डोंबिवलीत चाळीस वर्षांत जोडलेली माणसे आपण कोणत्या रकान्यात धरली आहेत? पत्रात त्यांचा उल्लेख नाही. औषधे घरपोच देणारा दुकानदार, भिशीतल्या मैत्रिणी, खालच्या मजल्यावर किल्ली ठेवता येते असे कुटुंब. वहिनींचे माहेर-सासर दोन्ही कोल्हापूरचे नाही, असे आपणच लिहिले आहे. त्यांनी चौसष्टाव्या वर्षी नव्याने ओळखी करायच्या आहेत. त्यांना काय वाटते, हे पत्रात कोठेच आलेले नाही.

माझी सूचना अशी. जागा लगेच विकू नका. येत्या जूनमध्ये या आणि एखाद्या पेठेत तळमजल्याच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन ऑक्टोबरपर्यंत राहा. दिवाळीचे कोल्हापूर सर्वांनाच आवडते; आपण पावसाळ्यातले पाहा. नदी इशारा पातळीकडे जाऊ लागली की घरात महिन्याची औषधे आणि पिण्याचे पाणी भरून ठेवण्याची सवय लावून घ्या. २०२१च्या जुलैत पुन्हा महामार्ग बंद झाला, तेव्हा आमच्या घरी अण्णांच्या गोळ्या पाच आठवड्यांच्या होत्या आणि त्या खेपेस मला झोप लागली. त्या चार महिन्यांत रोज एकाच दुकानातून दूध घ्या, एकाच बाकावर बसा, एकाच रिक्षाने जा. सप्टेंबर संपताना एकमेकांना एक प्रश्न विचारा: सकाळी दहापर्यंत आपले दार उघडले नाही, तर ते कोणाच्या लक्षात येईल? एखादे नाव निघाले तर घर पाहायला लागा. नाव डोंबिवलीतलेच निघाले, तर विकलेल्या जागेच्या पैशांऐवजी तेथेच लिफ्ट असलेल्या इमारतीत, तळमजल्यावर, थोडी लहान जागा मिळते का, ते पाहावे. वहिनींनी या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या कागदावर लिहावे.

परवा घर रंगवायला काढले तेव्हा दारामागची ती यादी उतरवावी लागली. अकरा क्रमांकांपैकी चार आता लागत नाहीत. समोरच्या काकू मुलाकडे नाशिकला गेल्या, दोघे राहिले नाहीत, आणि एक दुकान बंद झाले. रंग वाळल्यावर नवी यादी करायला बसले, तेव्हा लक्षात आले की या वेळी ती माझ्यासाठी आहे. सात नावे झाली आहेत. उरलेल्या चारांसाठी मी रोज संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊ लागले आहे. जूनमध्ये आलात तर संध्यामठाच्या बाजूच्या बाकावर भेट होईल.